डावखुरे वीर

अंबरनाथच्या शिवमंदिराकडून पालेगावाकडे जाताना जिथे भाताची खाचरं संपून नव्या इमारती सुरू होतात, तिथल्या एका दुमजली चाळीत राजरत्न राहायचा. वय एकोणतीस. लग्न ठरत होतं आणि मोडत होतं. वस्तीत त्याची ओळख मात्र एका शब्दात पक्की झालेली: हुबेहूब. दर एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीतला बाबासाहेबांचा मोठा फलक तोच रंगवायचा. फोटो समोर ठेवायचा, पेन्सिलीने चौकटी आखायचा आणि तीन दिवसांत चष्म्याच्या काडीवरचा उजेडसुद्धा जिथल्या तिथे उतरवायचा. म्हाताऱ्या बाया हात जोडून म्हणायच्या, "काय पोराचा हात आहे! हुबेहूब." तो मान खाली घालून ब्रश धुवायचा. एके काळी हा शब्द ऐकायला त्याला फार आवडायचं.

पोटासाठीही त्याने हुबेहूबच धरलं होतं. उल्हासनगरात कॅम्प पाचमध्ये लछूसेठचा भरतकामाचा कारखाना होता. जीन्सच्या खिशांवर, बायकांच्या कुर्त्यांवर मशीन नक्षी भरायची, पण मशीनला ती कळावी म्हणून आधी कुणीतरी कॉम्प्युटरवर टाका टाका करून उतरवावी लागायची. त्याला पंचिंग म्हणतात आणि ते राजरत्न करायचा. लछूसेठ कुठल्याशा भारी दुकानातली जीन्स आणून टेबलावर टाकायचा. "राजू, ये वाला. पण थोडा चेंज कर हां, सेम टू सेम नको." थोडा चेंज म्हणजे नक्षी उलटी करायची. उजवीकडे बघणाऱ्या मोराची मान डावीकडे करायची. कारखान्यात याला मिरर मारणं म्हणत. बारा वर्षं मिरर मारून राजरत्नची नजर अशी तयार झाली होती, की बाजारात टांगलेल्या कुर्त्याकडे लांबून बघूनही तो सांगायचा, मूळचा कुठला आणि उलटवलेला कुठला. उलटवणारा कुठे ना कुठे विसरतोच. बटणं चुकीच्या बाजूला जातात, अक्षरं पुसून टाकावी लागतात.

ही गंमत त्याने एकाच माणसाला शिकवली होती, धाकट्या बहिणीला. प्रगती त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. ती पाचवीत असताना त्याने तिला कपाटाच्या आरशापुढे उभं केलं, हातात कापडावर भरलेला मोर दिला आणि म्हणाला, "आता सांग, चोर कोण?" पोरगी इतकी खूश झाली की पुढचे आठ दिवस ती प्रत्येक कॅलेंडर, प्रत्येक बिस्किटाचा पुडा आरशासमोर धरून तपासत होती. दादाला सगळं दिसतं, हे तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. नवी वही घ्यायची, केस कापायचे, कुठल्या मैत्रिणीशी बोलायचं नाही, सगळ्याला एकच प्रश्न: "दादा, तुला काय वाटतं?"

आता या माणसाच्या पोटात काय जळत होतं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दहावीला राजरत्नला चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षांत ए ग्रेड होती. शाळेच्या सरांनी स्वतः मुंबईला जाऊन त्याच्यासाठी कलाशाळेचा फॉर्म आणला होता. नेमका त्याच वर्षी वडील, किसनराव, नोकरीला होते तो कारखाना बंद पडला. भांडण नाही, रडारड नाही. जेवताना वडील एवढंच म्हणाले, "आधी हाताला काम बघ. चित्रं काय, घरी पण काढता येतात." राजरत्नने फॉर्मची घडी घालून ट्रंकेत टाकली आणि लछूसेठकडे ट्रेसिंग पेपर घेऊन बसला. पुढे वडिलांना नगरपालिकेच्या पाणीखात्यात कायमची नोकरी लागली, घर सावरलं, पण त्या फॉर्मचा विषय परत कुणी काढला नाही. त्यानेही नाही.

आणि मग दोन हजार सात साली, बारावीचा निकाल लागल्यावर, त्याच पाटावर बसून प्रगती म्हणाली, "मला गेम डिझाइन शिकायचंय."

"म्हणजे काय करायचं?" वडिलांनी विचारलं.

"व्हिडिओ गेम असतात ना, ते बनवायचे."

राजरत्न मनात म्हणाला, आता बोलणी बसणार. किसनरावांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि म्हणाले, "शिक की मग. जे आवडेल ते शिक. आम्ही कशाला आहोत?"

राजरत्नने हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. आई, सुंदराबाई, लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होती. जे आवडेल ते शिक! हे चार शब्द बारा वर्षं याच घरात कुठल्या कोपऱ्यात लपून बसले होते? बरं, पोरीला हे खूळ लागलं कशाने, तर घरातल्या कॉम्प्युटरने. तो जुना कॉम्प्युटर आणला कुणी, तर यानेच, तिच्या दहावीनंतर, हौसेने, स्वतः खांद्यावरून. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतल्यासारखं झालं त्याला.

"राजरत्न बघेल कुठला क्लास चांगला ते," वडील म्हणाले. "त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं."

प्रगतीने तर गृहीतच धरलं होतं. "दादा, तुला वाटेल तिथेच मी जाणार."

त्या दिवसांत जिकडेतिकडे ॲनिमेशन आणि गेमिंगच्या क्लासचे बोर्ड लागत होते. विचारपूस करून दोन ठिकाणं उरली, एक उल्हासनगरात आणि एक बदलापुरात. दोन्हींचे प्रवेश जूनअखेर बंद होणार होते. एका रविवारी सकाळी दोघं रिक्षाने उल्हासनगरला निघाले. प्रगतीने नवा ड्रेस घातला होता आणि वाटभर तिचं तोंड थांबत नव्हतं. राजरत्न "हं" म्हणत बाहेर बघत होता.

उल्हासनगरची संस्था म्हणजे थाट होता नुसता. काचेचे दरवाजे, एसी, पायाखाली गालिचा. संध्या मॅडम नावाच्या चटपटीत बाईने दोघांना थंड पाणी दिलं आणि हिंदी-मराठीची भेळ करत सगळं समजावलं. "एक साल का कोर्स, शंभर टक्के प्लेसमेंट. और ये देखिए, ही सगळी आपल्या स्टुडंट्सची कामं."

भिंतभर रंगीत चित्रं होती. चिलखत घातलेले वीर, तलवारी, ड्रॅगन, जळती शहरं. प्रगती तोंड उघडं टाकून बघत राहिली. राजरत्ननेही बघितलं, आणि त्याला एका क्षणात कळलं.

सगळे वीर डावखुरे होते. एकूण एक. तलवार डाव्या हातात, ढाल उजव्या. एकाच्या मागे दुकानांची रांग होती, तिच्या पाट्यांवरची अक्षरं मुद्दाम धुरात बुडवलेली. एका सैनिकाच्या कोटाची बटणं बायकांच्या बाजूने. कुणीतरी परदेशी खेळांची चित्रं उचलली होती, मिरर मारला होता आणि खाली पोरांची नावं टाकली होती. हे त्याच्या रोजच्या धंद्यातलं काम होतं. तेही गचाळ केलेलं. लछूसेठने असला माल परत पाठवला असता.

"दादा, कसलं भारी आहे ना?" प्रगती कुजबुजली.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड बघून त्याने ते गिळलं. "बरं आहे," तो म्हणाला. "दुसरं पण बघू."

दुपारी बदलापूर. क्लास पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांत होता. जिन्यावर पीठ, कॉम्प्युटरच्या कव्हरांवर पीठ. शिकवणारे राजेंद्र सर पूर्वी अंधेरीला कार्टून बनवणाऱ्या कंपनीत होते. थाट काही नाही, चहासुद्धा त्यांनी स्वतःच ओतला. राजरत्नने विचारलं, "पोरांची कामं दाखवता?" सरांनी एक कॉम्प्युटर सुरू केला. नळावर हंड्यांची रांग लावायचा एक खेळ होता. बाया म्हणजे नुसते त्रिकोण, हंडे वाकडे, मध्येच सगळं बंद पडत होतं. राजरत्न बराच वेळ बघत राहिला. उलटवलेलं काही नव्हतं. हे वाकडेतिकडे हंडे जगात दुसरीकडे कुठेच सापडले नसते.

मग सरांनी प्रगतीपुढे मूठभर जुनी बटणं आणि खडू ठेवला. "दहा मिनिटं देतो. यातून एक खेळ बनव. आम्ही दोघं खेळणार."

राजरत्नला मनातल्या मनात बरं वाटलं. कोऱ्या कागदापुढे बसल्यावर काय होतं ते त्याला ठाऊक होतं. समोर फोटो नसेल तर त्याचा हात हलायचाच नाही. ट्रंकेतल्या फॉर्मवर त्याने आयुष्यभर दोष ढकलला होता, पण रात्री घरी बसून स्वतःचं काहीतरी काढायला त्याला कुणी अडवलं होतं? किती वेळा बसला होता तो. दरवेळी कागद कोरा ठेवून उठला होता.

प्रगतीने ओठ चावला, जमिनीवर एक चौकोन काढला आणि बटणं आत ओतली. "ही महाशिवरात्रीची जत्रा. देवळाबाहेर चपलांचा ढीग. प्रत्येकाची एक जोडी ढिगात हरवलीय. एका वेळी दोनच बटणं उचलायची. आपली नसली तरी घालून पळता येतं, पण खऱ्या मालकाने ओळखलं तर दोन्ही टाकायची आणि ढीग पुन्हा हलवायचा. आपल्याच चपला घालून जो घरी पोचेल तो जिंकला."

खेळले. राजरत्न हरला. परत खेळले, परत हरला. सरांना इतका चेव आला की त्यांनी बाही सरसावून तिसरा डाव मांडला आणि खालून गिरणीवाला दळण झालं म्हणून ओरडत होता त्याच्याकडेही लक्ष दिलं नाही. "हे कुठून आलं तुझ्या डोक्यात?" ते हसत विचारत होते. प्रगतीने खांदे उडवले. "माहीत नाही. आलं."

आलं! राजरत्नच्या अंगाचा तिळपापड झाला. कॉलेज मिळालं असतं तर आपणही, असं तो इतकी वर्षं स्वतःला सांगत होता. आता समोर बसलेल्या या पोरीने, कुठलंही कॉलेज न बघता, दहा मिनिटांत खडूने त्याचं उत्तर लिहिलं होतं. फॉर्म भरला असता तरी त्याला हे आलं नसतं. बहिणीवर जीव होता त्याचा, खोटं नाही. पण त्या घटकेला त्याला ती डोळ्यांसमोर नको झाली.

परतीच्या रिक्षात तिने विचारलंच. "दादा, तुला काय वाटतं?"

"उल्हासनगर," तो म्हणाला. "मोठी जागा आहे. इथे काय, पीठ खायचंय?"

ती थोडी हिरमुसली. सर तिला आवडले होते. "पण सरांनी किती मन लावून..."

"मन लावून नोकरी मिळत नाही. मी बारा वर्षं या लाइनीत आहे."

"बरं," प्रगती म्हणाली. दादाला वाटतंय म्हणजे झालं. घरी पोचेपर्यंत तिचा चेहरा परत फुलला होता आणि आईला ती काचेच्या दरवाजांचं वर्णन करून सांगत होती.

पुढचे पाच दिवस राजरत्नने तोंडात गुळणी धरली. कारखान्यात मोरांच्या माना उलटवताना दर थोड्या वेळाने त्याला ती भिंत आठवायची. आज सांगू, म्हणायचा. घरी यायचा तर वडील शेजाऱ्यांना सांगत असायचे, "आमची प्रगती गेम बनवणार," आणि शेजारी, ज्यांनी राजरत्नचे बारा फलक बघितले होते, तिच्याकडे असं बघायचे, जसं आजवर त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. मग तो जेवायचा आणि झोपायचा. एक वर्ष फुकट गेलं तर जाऊ दे, त्याने मनाची समजूत घातली. आपली नाही का गेली?

शनिवारी दोघं प्रवेश घ्यायला गेले. संध्या मॅडमनी फॉर्म पुढे केला. प्रगतीने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जन्मतारीख लिहिली. सहीच्या जागेवर पेन टेकवायच्या आधी तिने पुन्हा एकदा त्या भिंतीकडे हौसेने बघितलं. बघता बघता तिच्या कपाळावर आठी पडली. ती उठली, भिंतीजवळ गेली. एका चित्रापुढून दुसऱ्यापुढे सरकत गेली. स्वतःचा उजवा हात तलवार धरल्यासारखा वर केला, मग डावा.

"दादा," ती पाठमोरीच म्हणाली, "हे सगळे डावखुरे कसे?"

"स्टाइल आहे वो," संध्या मॅडम हसल्या. "आजकल ऐसाच चलता है."

प्रगतीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "दादा, मी तुला विचारतेय."

राजरत्नने गालिच्याकडे बघितलं. "मिरर मारलाय," तो म्हणाला.

"तुला कधी दिसलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. पण ती वळून त्याच्याकडे बघत होती, आणि तिला पाचवीपासून माहीत होतं, दादाला पहिल्या नजरेत दिसतं. खोटं बोलून काही उपयोग नव्हता.

"रविवारी."

प्रगतीने पेनाला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं आणि फॉर्मची बारीक घडी घालून पर्समध्ये टाकली. रस्त्यावर आल्यावर तिने एकदाच विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं..." तो म्हणाला. ती पुढचं ऐकायला थांबली नाही. रिक्षात ती पुढे ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसली.

सोमवारी ती वडिलांना घेऊन बदलापूरला गेली आणि नाव घालून आली. घरात तिने कुणालाही काही सांगितलं नाही. सुंदराबाई तेवढं म्हणाली, "अगं, दादाने तर दुसरं सांगितलं होतं ना?" त्यावर प्रगती म्हणाली, "मला हे आवडलं." झालं, विषय संपला. शिक्षा अशी काही झालीच नाही. ती त्याला जेवायला वाढायची, त्याचा शर्ट इस्त्री करायची, राखी बांधली, सगळं जिथल्या तिथे. फक्त तो प्रश्न बंद झाला. नवा मोबाइल घेताना नाही, केस कापताना नाही, कशालाच नाही.

आता ती राहीला विचारायची. राही म्हणजे तिच्या क्लासमधली वांगणीची मैत्रीण, शेतकऱ्याची पोर, हसली की चाळ दणाणायची. रविवारी दोघी घरी कॉम्प्युटरपुढे बसायच्या. "राही, तुला काय वाटतं, हे असं करू?" राही म्हणायची, "काय माहीत बाय, कर ना!" राजरत्न पलीकडे स्वयंपाकघरात पेपर उघडून बसायचा आणि एक ओळ वाचायचा नाही. या पोरीला काय कळतं? लाल रंगाशेजारी लाल रंग ठेवते ही! बहिणीच्या हुशारीवर तो जळला होता त्याच्या दुप्पट तो आता राहीवर जळत होता, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

अकरा महिने गेले. मे महिन्यातल्या एका रविवारी प्रगतीचा वर्षाचा खेळ जवळजवळ पुरा झाला. सरांना दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. राजरत्न पाणी प्यायला उठला आणि दारात थबकला. पडद्यावर जत्रा होती. पाळणा, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, देवळाबाहेर चपलांचा डोंगर, आणि त्यातून एक छोटी पोरगी पिशवी घेऊन आपल्या चपला शोधत पळत होती. माणसं तिच्या अंगावर यायची, ती वाकून निसटायची. आणि पडली की आधी फ्रॉक झटकायची, अगदी प्रगती लहानपणी झटकायची तसा.

त्याच्या पोटात जुनी आग भडकली. आणि तेवढ्यात त्याला ते दिसलं. पोरगी उजवीकडे पळायची तेव्हा पिशवी उजव्या हातात असायची. डावीकडे वळली की डाव्या हातात जायची.

न सांगून जमलं असतं. उद्या सरांना दिसलं असतं, किंवा दिसलं नसतं. त्याचा काय संबंध होता? तो दारातच उभा राहिला, पाण्याचा पेला हातात घेऊन.

"डावीकडे वळली की पिशवी हात बदलते," तो म्हणाला.

राहीने वळून बघितलं. प्रगतीने नाही. तिने पोरगी उजवीकडे पळवली, डावीकडे पळवली, परत उजवीकडे. डावी बाजू वेगळी काढायचा कंटाळा करून तिने उजवी उलटवली होती. मिरर मारला होता.

"आई गं," राही म्हणाली. "मला दिसलंच नाय!"

मग प्रगती पडद्याकडेच बघत म्हणाली, "आणि खेळ? तुला काय वाटतं?"

राजरत्नने पेला खाली ठेवला. "चांगला आहे."

आता ती वळली. उल्हासनगरात वळली होती तशीच. "खरं सांगतोयस?"

"जळतोय मी," राजरत्न म्हणाला. "त्या दिवशी बदलापुरात जळलो ना, तसाच. म्हणून तर बोललो नव्हतो. चांगला नसता तर मला एवढं कशाला झोंबलं असतं?"

राहीने एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि काही न कळून खुर्ची रिकामी केली. प्रगतीने ती पायाने थोडी त्याच्याकडे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "डावी बाजू दाखव कशी काढायची ते. समोर बघून उतरवायला काही नाहीये, सांगून ठेवते."